दगडावर नाव कुणाचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आम्ही एवढंच विचारलं होतं की तुमच्या गावात, गल्लीत, सोसायटीत एखादी स्मृतिपाटी असेल तर तिचं सध्या काय चाललंय ते कळवा. त्यावर पत्रं, व्हॉट्सॲप मेसेज, फोटो असं बरंच काही आलं, अजून येतंय. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, म्हणून ज्यांना घाई आहे किंवा ज्यांचा प्रश्न बाकीच्यांच्याही कामाचा आहे अशी पत्रं आधी घेतलीयत.

प्रश्न : नमस्कार ताई. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. जुन्या चावडीच्या भिंतीत एक पांढरी संगमरवरी पाटी बसवलेली आहे, सगळं इंग्रजीत, वर १९१४-१९१९ असं आहे आणि खाली या गावातून महायुद्धाला इतकी माणसं गेली आणि त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, बस. नाव एकाचंही नाही. आता चावडी पाडून नवीन ग्रामपंचायत बांधणार आहेत, ठेकेदार म्हणतो पाटी काढताना फुटली तर मला बोलायचं नाही, आणि आमचीच काही पोरं म्हणतात इंग्रजांची पाटी कशाला सांभाळत बसायची. काय करावं?

उत्तर : दादा, आधी पाटी वाचवू, मग पोरांशी बोलू.

आजच तिचे फोटो काढून ठेवा. दिवसा समोरून काढलेल्या फोटोत झिजलेला संगमरवर नुसता पांढरा दिसतो, त्यामुळे अंधार पडल्यावर जा, एकाने मोबाईलचा टॉर्च पाटीच्या डाव्या बाजूला भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका धरायचा आणि दुसऱ्याने समोरून फ्लॅश बंद ठेवून फोटो घ्यायचा. अक्षरांच्या खाचेत सावली पडते आणि दिवसा न दिसणारे आकडेही वाचता येतात. मग टॉर्च उजवीकडून, मग वरून. पाटीची लांबी-रुंदी टेपने मोजा, ती कुठल्या भिंतीत होती आणि जमिनीपासून किती उंचीवर होती तेही लिहून ठेवा.

मग येत्या ग्रामसभेत ठराव घ्या. १५ ऑगस्ट असो की २ ऑक्टोबर, जी आधी येईल ती. ठरावात "पाटी जतन करावी" असं मोघम लिहून भागत नाही, "नवीन इमारतीच्या दर्शनी भिंतीत पुन्हा बसवण्यात येईल" असं स्पष्ट लिहून घ्या आणि पाटी काढणं-बसवणं हे अंदाजपत्रकात वेगळं काम म्हणून दाखवायला लावा, म्हणजे ठेकेदाराला त्याचे पैसेही मिळतील आणि जबाबदारीही त्याच्यावर येईल. गवंड्याला सांगा, पाटीच्या कडेपासून चार बोटं सोडून आजूबाजूचं प्लास्टर आणि चुना आधी मोकळा करायचा, छिन्नी पाटीखाली घालून उचकटायचं नाही, मागे लोखंडी पट्ट्या निघाल्या तर त्या ब्लेडने कापायच्या. निघाली की आडवी टाकू नका, संगमरवराची पातळ फरशी आडवी ठेवली आणि तिच्यावर कुणी काही ठेवलं की मधोमध तडकते. भिंतीला टेकवून उभी ठेवा, खाली आणि मागे पोती. आणि कृपा करून ॲसिडने किंवा टाईल्स धुवायच्या लिक्विडने धुवू नका, साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

आता नावांचं. ही अशी पाटी फक्त तुमच्याच गावात नाहीये, साताऱ्यात, कोकणात, तिकडे पंजाबात, जिथून जिथून पलटणीत भरती झाली तिथल्या कितीतरी गावांत सरकारने अशा पाट्या लावल्या आणि त्यांतल्या बहुतेकांवर नुसते आकडे आहेत. तुमच्या जिल्ह्यातलंच अपशिंगे गाव बघा, त्या महायुद्धात तिथले ४६ जण गेले, आज गावाच्या नावातच मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली, सत्तर हजारांहून जास्त परत आली नाहीत. आपल्याकडचे बरेच मेसोपोटेमियात होते, म्हणजे आजच्या इराकमध्ये. पुणे डिव्हिजन म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकली, त्यात मराठा पलटणी होत्या, अन्न संपलं, घोडे खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करावी लागली. त्यानंतर कैदेत वाळवंटातून चालता चालता किती मेले त्याला सुमार नाही.

या सगळ्यांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक उभं केलं, १९२९ साली. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत, आणि साध्या हिंदी शिपायांची मात्र रेजिमेंटच्या नावाखाली फक्त संख्या कोरली. "आणि इतर इतके हिंदी शिपाई" असं. तुमच्या चावडीतली पाटी आणि ते बसऱ्याचं स्मारक, दोन्हीकडे आपला माणूस आकड्यातच आहे. हे मुद्दाम केलेलं होतं, चुकून राहिलेलं नव्हतं. ज्यांनी बसऱ्याचं स्मारक बांधलं त्याच कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेने, २०२१ साली स्वतःचा अहवाल काढून हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली. मला याचा राग येतो आणि तो येऊ द्यावा असंच वाटतं, कारण त्या रागातूनच नावं शोधायची ताकद मिळते.

आणि नावं सापडू शकतात. कमिशनच्या वेबसाइटवर सगळ्यांची यादी फुकट बघता येते. बऱ्याच हिंदी शिपायांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहिलेला असतो. आडनावाने शोधू नका, त्यावेळच्या कारकुनाने कुणाचं आडनाव लिहिलं, कुणाचं गाळलं. "जादा माहिती" असा एक रकाना शोधात आहे, तिथे गावाचं नाव टाका, इंग्रजी स्पेलिंग चार-पाच प्रकारे बदलून बघा. सापडलेली नावं गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा, भावकी लागेल. मग जुन्या पाटीला हात न लावता तिच्या शेजारी दुसरी पाटी लावा, मराठीत, नावांसकट. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जाऊन या, कागदोपत्री आधार लागला तर तिथून सुरुवात होते.

नाव कोरल्याने काय फरक पडतो असं कुणी विचारलं तर कोरेगाव भीमाचा स्तंभ दाखवा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूने मेलेल्या ४९ जणांची नावं तिथे कोरलीयत, साध्या शिपायांचीसुद्धा, इंग्रजीत आणि मराठीत. त्यात २२ नावांच्या शेवटी "नाक" आहे, म्हणजे ते महार होते हे कुणालाही वाचून कळतं. त्या नावांमुळे १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे आले, आज लाखो लोक येतात. तिथे जर "कंपनीचे ४९ शिपाई" एवढंच लिहिलं असतं तर शंभर वर्षांनी तिथे येऊन हा आमचा आजा म्हणून कोण कसं सांगणार होतं?

राहिली पोरं. त्यांना सांगा की पाटी लावली इंग्रजांनी पण मेले ते आपल्या गावचे. आणि तुमच्याच तालुक्यात वडूजला ९ सप्टेंबर १९४२ ला इंग्रजांच्या गोळीबारात ९ जण हुतात्मे झाले. एकाच तालुक्याची ही दोन्ही मरणं आहेत, एक लपवून दुसरं मोठं होत नाही. नवीन पंचायतीच्या भिंतीवर दोघांनाही जागा आहे.

प्रश्न : ताई, मी अहिल्यानगर जिल्ह्यातून लिहितेय. आमच्या मारुतीच्या देवळामागे एक जुना दगड आहे, त्यावर तीन कप्प्यांत चित्रं आहेत पण शेंदूर इतका चढलाय की काही दिसत नाही, भावकीतले लोक दरवर्षी चैत्रात त्याला नारळ फोडतात. माझा मुलगा म्हणतो हा वीरगळ आहे, आपण पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करू. सासरे चिडलेत. कुणाचं ऐकू?

उत्तर : सासऱ्यांचं. निदान पॉलिश पेपरच्या बाबतीत तरी.

मुलाचं म्हणणं बरोबर आहे, तीन कप्पे असतील तर बहुतेक वीरगळच असणार, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. सगळ्यात खाली लढाई किंवा पडलेला वीर दिसतो, आणि तिथे गाई कोरलेल्या असतील तर तो माणूस गावची गुरं चोरांपासून सोडवताना मेला असं समजतात. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला वर घेऊन जातायत, वर तो शिवपिंडीपुढे हात जोडून बसलेला, आणि टोकाला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. अक्षर न वाचता येणाऱ्या माणसालाही पूर्ण समजेल अशी ही पाटी आहे, माझ्या मते आजवर आपल्याकडे याच्याइतकी चांगली स्मृतिपाटी कुणी काढलेली नाही. बोरिवलीला एकसरचे वीरगळ जमलं तर मुलाला नेऊन दाखवा, तिथे तर जहाजांची लढाई आहे, वल्ह्यांच्या रांगा, एकमेकांवर चालून जाणारी गलबतं. शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेली ती लढाई असं बरेच अभ्यासक मानतात.

शेंदूर घासून काढायचा नाही याचं कारण साधं आहे. तेलातला शेंदूर वर्षानुवर्षं दगडाच्या छिद्रांत बसलेला असतो, तो घासला की त्याच्याबरोबर दगडाचा वरचा थरही निघतो, आणि वीरगळावरचं नाक-डोळ्यांचं काम तेवढ्याच थरात असतं. वायर ब्रश, थिनर, ॲसिड यातलं काहीही नको. ते काम जाणकाराचंच आहे, राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला फोटोसकट लेखी कळवा. तोवर एवढंच करा की यापुढे त्यावर ऑईल पेंट आणि चंदेरी रंग मारू नका, शेंदूर लावायचाच असेल तर पायाशी टिळा लावा. सासऱ्यांना हे पटेल असं वाटतं, कारण त्यात देवाचं काही कमी होत नाही.

आणि एक गोष्ट मुलालाही समजावून सांगा. त्या वीराचं नाव कुणाला माहीत नाही, त्याचं घराणं कुठलं माहीत नाही, तरी सहाशे-आठशे वर्षांनी त्याच्यापुढे नारळ फुटतोय. ज्या दगडांना देव मानलं नाही ते दगड कपडे धुवायला गेले, पायरीला गेले, बांधात गेले. शेंदराने चित्र झाकलं हे खरं, पण दगड जागेवर राहिला तो त्याच शेंदरामुळे. दगड जागचा हलवू मात्र नका. शेतात वगैरे जमिनीखालून असं काही नवीन निघालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं, तो १८७८ पासूनचा कायदाच आहे.

प्रश्न : आमच्या चाळीत एक बाई राहायच्या, नोकरी करून संध्याकाळी चाळीतल्या मुलींना फुकट शिकवायच्या, माझ्यासारख्या कितीतरी जणी त्यांच्यामुळे शिकल्या. मागच्या वर्षी त्या गेल्या. आम्हाला त्यांच्या खोलीबाहेर पाटी लावायचीय. एक स्थानिक पुढारी खर्च द्यायला तयार आहेत पण त्यांचं नाव आणि फोटो हवा म्हणतात. शिवाय चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार आहे. लावावी का?

उत्तर : जरूर लावा आणि पुढाऱ्यांचे पैसे घेऊ नका. तुम्ही शिकलेल्या इतक्या जणी आहात, वर्गणी काढली तर एका ग्रॅनाईटच्या पाटीचा खर्च माणशी फार येणार नाही. आपल्याकडच्या कोनशिला बघा, "मा. ना. श्री. अमुक यांच्या शुभहस्ते, मा. आ. श्री. तमुक यांच्या प्रमुख उपस्थितीत" अशा आठ-दहा ओळी आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्याचं नाव कुठेतरी मध्ये बारीक. पाटी उघडली कुणी हे दहा वर्षांनी कुणालाच नको असतं, म्हणून तुमच्या पाटीवर उद्घाटकाचं नावच नको.

मजकूर छोटा ठेवा. लंडनमधल्या निळ्या गोल पाट्या तुम्ही फोटोत पाहिल्या असतील, १८६० च्या दशकात ती योजना सुरू झाली. हाऊली प्लेस नावाच्या गल्लीत १० नंबरच्या घरावर लोकमान्य टिळकांची अशी पाटी आहे, व्हॅलेंटाईन चिरोल या इंग्रज पत्रकारावर अब्रुनुकसानीचा दावा चालवायला ते गेले होते तेव्हा १९१८-१९ मध्ये तिथे राहिले. नाव, जन्म-मृत्यूची सालं, देशभक्त व तत्त्वज्ञ, इथे राहत होते. संपलं. रस्त्याने जाणारा माणूस न थांबता वाचू शकतो. तुम्हीही बाईंचं पूर्ण नाव, सालं, "या खोलीत राहिल्या" आणि "चाळीतल्या मुलींना शिकवलं" एवढंच लिहा. "आदर्श", "थोर", "प्रेरणास्थान" हे शब्द काढून टाका, त्याने काहीच कळत नाही, मुलींना शिकवलं यात सगळं येतं.

लंडनवाल्यांचा एक नियम आहे की माणूस जाऊन वीस वर्षं झाल्याशिवाय पाटी नाही. मोठ्या शहराला तो ठीक आहे, तुमच्या चाळीला नाही, कारण वीस वर्षांनी बाईंना पाहिलेलं तिथे कोण उरणार?

रिडेव्हलपमेंटचं मात्र खरंच मनावर घ्या. लंडनची पहिली पाटी कवी बायरनच्या घरावर १८६७ साली लावली होती, १८८९ मध्ये ते घर पाडलं आणि पाटीही गेली. तुमचा बिल्डरशी करार होईल त्यात पाटी सुरक्षित काढून नवीन इमारतीच्या मुख्य प्रवेशाजवळ बसवण्याची अट लेखी घाला, आणि पुन्हा बसवताना "या जागी असलेल्या चाळीत राहिल्या" असा बदल करा. चाळीतल्या माणसाची पाटी कोण बघणार असं कुणी म्हणेल तर परळची बीआयटी चाळ आठवा, बाबासाहेब तिथे दोन खोल्यांत वीसेक वर्षं राहिले, आणि लोक आजही त्या खोल्या शोधत जिने चढतात.

प्रश्न : मी शिक्षणासाठी बर्लिनला आलेय. इथे फुटपाथवर घरांसमोर छोटे पितळी दगड बसवलेत, नाझींनी मारलेल्या लोकांची नावं आहेत. लोक त्यांच्यावरून चालतात. आपल्याकडे नावाला, अक्षराला पाय लागला तर पाया पडतो. मला रोज कसंतरी होतं. मी चुकीचा विचार करतेय का?

उत्तर : नाही गं, अजिबात नाही. म्युनिक शहराने अगदी याच कारणासाठी सार्वजनिक रस्त्यावर हे दगड बसवायला परवानगी दिली नाही, तिथल्या ज्यू समाजाच्या नेतृत्वाचंच म्हणणं होतं की ज्यांना तुडवून मारलं त्यांच्या नावावर पुन्हा पाय नको. तिथे आता भिंतीवर आणि खांबांवर, डोळ्यांच्या उंचीवर पाट्या लावतात.

पण दुसरी बाजूही ऐक. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९२ मध्ये हे सुरू केलं, दहा बाय दहा सेंटिमीटरचा दगड, एका दगडावर एकच माणूस, तो जिथे स्वखुशीने राहिला त्या शेवटच्या घरासमोर. २०२३ मध्ये एक लाखावा बसला. त्याचं म्हणणं असं की नाव वाचायला वाकावं लागतं, आणि वाकलं की आपोआप नमस्कार होतो. मला स्वतःला हे पटतं, आपण पंढरपुरात नामदेव पायरीला नमस्कार करतो ना, वारकऱ्यांचे पाय लागावेत म्हणून पायरीशी समाधी मागणारे नामदेव आपलेच.

तुला करण्यासारखं एक काम आहे. पितळ काळं पडतं आणि नाव वाचता येत नाही. ९ नोव्हेंबरला आणि २७ जानेवारीला, म्हणजे नाझींच्या बळींची आठवण काढायच्या दिवशी, तिथले लोक बादली, फडकं, पितळ घासायचं पॉलिश घेऊन बसतात आणि आपल्या गल्लीतले दगड घासतात. तूही जा. आपल्याकडे समई घासतात तसंच, खरखरीत घासणी नको एवढंच.

प्रश्न : सांगली. २०१९ च्या पुरात आमच्या बिल्डिंगचा तळमजला पूर्ण बुडाला होता. पाण्याची रेघ अजून भिंतीवर आहे, आता रंगकाम आहे. मी म्हणतो रेघेवर छोटी पाटी लावू, बाकी मेंबर म्हणतात फ्लॅटचे रेट पडतील. माझं चुकतंय का?

उत्तर : काका, तुमचं बरोबर आहे. जपानात आनेयोशी म्हणून एक छोटं गाव आहे. १८९६ आणि १९३३ अशा दोन त्सुनामींनी ते जवळजवळ संपलं, मग वाचलेल्यांनी डोंगराच्या चढावर एक दगड उभा केला आणि त्यावर लिहिलं, या खुणेच्या खाली घर बांधू नका. लोकांनी ते ऐकलं. २०११ ची लाट त्या दगडाच्या साधारण शंभर मीटर अलीकडे थांबली, गावातलं एकही घर गेलं नाही. पूर येऊन पंधरा-वीस वर्षं झाली की नवीन भाडेकरू येतात, तळमजल्यावर क्लिनिक निघतं, मीटर खाली बसवतात, आणि पाणी कुठवर आलं होतं हे सांगायला कुणी नसतं. २००५ चं पाणी बघितलेली कितीतरी माणसं २०१९ ला "एवढं नाही येणार" म्हणून घरात थांबली होती.

रेटचं म्हणाल तर सांगलीत फ्लॅट बघायला येणारा माणूस पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतो, पाटी नसली म्हणून तो विचारायचा थांबत नाही. मेंबर तरी अडले तर मधला मार्ग असा, पाटी रस्त्याच्या बाजूला न लावता जिन्यात लावा, पण उंची अगदी तीच ठेवा, लेव्हल ट्यूब लावून रेघ आत घ्या. पेंटर यायच्या आधीच हे करा, एकदा पुट्टी मारली की रेघ कायमची गेली. पाटीवर तीन गोष्टी हव्यात : ऑगस्ट २०१९, कृष्णा, आणि त्या दिवशी आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती फूट होती तो आकडा. तो जलसंपदा खात्याकडून लेखी घ्या, म्हणजे पुढच्या वेळी पुलाची पातळी मोबाईलवर आली की आपल्या जिन्यात पाणी कितव्या पायरीला येणार हे वरच्या मजल्यावरच्या शाळकरी पोरालाही सांगता येईल.